विषाणू मरतो म्हणजे नेमकं काय होतं?

प्रश्न कागल तालुक्यातल्या बारावीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. घरी म्हशी आहेत, एक जर्सी गाय आहे, दूध गावातल्या संस्थेला जातं. ती विचारते: "पुस्तकात विषाणू सजीव-निर्जीवाच्या सीमेवर आहेत असं दिलंय. आमचे सर म्हणतात, निर्जीवच धरा. मग गोठ्यात लस टोचायला येणारे डॉक्टर एका लसीला जिवंत आणि दुसरीला मेलेली का म्हणतात? जे जिवंतच नाही ते मरतं कसं? आणि मी परीक्षेत काय लिहू?"

मी जनावरांचा डॉक्टर. करवीर, कागल, राधानगरी याच पट्ट्यात उमेदीची वर्षं गेली. विषाणूंवर संशोधन केलेलं नाही, पण त्यांच्याशी रोजचा व्यवहार आहे. आइसबॉक्समधून नेतो, सुईतून टोचतो, गोठ्यातून हुसकावतो. त्यामुळे मी या प्रश्नाकडे तुझ्यासारखाच मरणाच्या टोकाकडून येतो. 'जिवंत आहे का' यावर माणसं तासन्‌तास वाद घालतात. 'मेला हे कशावरून' असं विचारलं की मात्र हातात धरता येतील अशा गोष्टी बोलाव्या लागतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विषाणूचा सुटा कण हा जीव नाही, म्हणून तो मरतही नाही. तो कामाचा असतो किंवा कामातून गेलेला असतो. पण म्हणून तो दगडमातीच्या रांगेतही बसत नाही, कारण तो बदलतो, त्याचा वंश चालतो आणि त्याचा सगळा इतिहास जिवंत पेशींच्या आत घडतो. 'सीमेवर' हा शब्द मला आवडत नाही. भांडण नको म्हणून बांधावर बसवून ठेवल्यासारखं ते उत्तर आहे.

विषाणूशास्त्राची सुरुवातच तुझ्या गावाला ओळखीच्या दोन गोष्टींपासून झाली आहे: तंबाखू आणि लाळ्या खुरकूत. 1892 मध्ये रशियात इव्हानोव्हस्की यांनी तंबाखूच्या केवडा रोग पडलेल्या पानांचा रस अशा गाळणीतून गाळला, जिच्यातून एकही जिवाणू पार होत नाही. गाळलेला रस निरोगी पानाला लावला तरी रोग आला. 1898 मध्ये नेदरलँड्समध्ये बेयरिंक यांनी हाच प्रयोग पुढे नेला आणि रोगकारक म्हणजे 'जिवंत संसर्गी द्रव' असावा असं म्हटलं. त्याच वर्षी जर्मनीत लोफलर आणि फ्रॉश यांनी लाळ्या खुरकूत झालेल्या जनावरांच्या फोडांतलं पाणी तसंच गाळून वासरांना टोचलं. वासरं आजारी पडली. आता कुणीही म्हणेल, त्या पाण्यात एखादं विष असेल. म्हणून त्यांनी एका वासराकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असं नेत हिशेब मांडला. विष असतं तर एव्हाना इतकं पातळ झालं असतं की काही परिणामच दिसला नसता. म्हणजे जे काही होतं ते वासराच्या अंगात वाढत होतं. जनावरांचा पहिला विषाणू हा असा सापडला, आणि तो कुणाच्याही डोळ्यांना दिसला नव्हता.

इथपर्यंत सगळ्यांची समजूत एकच: अगदी बारीक जिवाणू असेल. त्या समजुतीला 1935 मध्ये धक्का बसला. अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या त्याच विषाणूचे स्फटिक केले. बाटलीत ठेवायचे, पाण्यात विरघळवायचे, पानावर चोळायचे, आणि पुन्हा केवडा. स्फटिक होणारी वस्तू रोग कसा पसरवते? स्टॅन्ली यांना 1946 मध्ये नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं, यातच सगळं आलं. त्यांना ते निव्वळ प्रथिन वाटलं होतं. 1936 मध्ये इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी यांनी दाखवलं की त्यात थोडं आरएनएसुद्धा, म्हणजे जनुकांचा मजकूर वाहणारं रसायन, आहे, आणि खरा कारभार त्या 'थोड्या'कडेच होता. 1955 मध्ये तर प्रथिन आणि आरएनए वेगवेगळे करून परत एकत्र मिसळले, तर कण आपोआप जुळले आणि पुन्हा रोग करू लागले. म्हशीचे भाग सुटे करून परत जोडले आणि ती वैरण खाऊ लागली, असं कुणी म्हटलं तर आपण त्याला घरी सोडून येऊ.

जाता जाता एक सांगतो. हा तंबाखूचा विषाणू वाळवलेल्या पानात, अगदी खिशातल्या तंबाखूत वर्षानुवर्षं टिकतो. कागल-निपाणी भागात तंबाखू मळलेल्या हातांनी टोमॅटो-मिरचीची रोपं लावली तर तो हातावरून रोपांत जातो. लावणीआधी साबणाने हात धुवा असं सांगतात ते यासाठीच.

आता आपल्या लसींकडे येऊ, कारण तुझ्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे.

लाळ्या खुरकुताचा कण म्हणजे चार प्रकारच्या प्रथिनांच्या प्रत्येकी 60 प्रती नेमक्या जागी बसवून केलेली एक पोकळ डबी, आणि तिच्या आत सुमारे 8,400 अक्षरांचा आरएनएचा एक धागा. बस्स. वर स्निग्ध आवरण नाही, आत कुठलं यंत्र नाही. एक मिलिमीटर रेषेवर असे तीसेक हजार कण ओळीने मावतील. आपल्याकडे या रोगाची जी लस टोचतात ती मेलेली लस. विषाणू कारखान्यात पेशींवर वाढवतात, मग एका रसायनाने त्याचा आरएनए निकामी करतात. डबी मात्र शक्य तितकी जशीच्या तशी ठेवतात, कारण जनावराची प्रतिकारशक्ती त्या डबीचा आकार ओळखून तयार होते. भारतात त्याच्या ओ, ए आणि एशिया-1 या तीन प्रकारांविरुद्धची एकत्रित लस वापरतात.

आता नीट बघ. ही लस आधीच 'मेलेली' आहे. तरी आम्ही ती 2 ते 8 अंशांतच का नेतो? दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत राहिली तर फेकून द्या असं का सांगतो? कारण उष्णतेने किंवा आंबटपणाने ती डबी उकलते. पूर्ण कणाचे पाच-पाचच्या गटांचे 12 तुकडे होतात. रसायनं तीच, वजन तेवढंच, पण जनावराचं शरीर त्या तुकड्यांना फारसं जुमानत नाही. म्हणजे मेलेली वस्तू आणखी एकदा 'मेली'. पहिल्या वेळी धागा गेला, दुसऱ्या वेळी डबी गेली.

याच्या उलटही करता येतं. डबी काढून टाकायची आणि उघडा धागा, म्हणजे निव्वळ शुद्ध आरएनए, योग्य पेशीच्या आत पोचवायचा. लाळ्या खुरकुताच्या जातीच्या विषाणूंत तेवढा धागासुद्धा पुरतो. पेशी तो वाचते आणि डब्यांसकट नवे कण तयार होतात. मग सांग, जिवंतपणा होता कुठे? डबीत म्हणावं तर डबीशिवाय भागलं. धाग्यात म्हणावं तर शुद्ध आरएनए हे एक रसायन आहे, बाटलीत पांढरा साका म्हणून बसतं.

लंपीचं उदाहरण आणखी वेगळं. 2019 मध्ये हा रोग भारतात पहिल्यांदा ओडिशात आढळला आणि 2022 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात पसरला. तेव्हा जनावरांचे बाजार बंद झाले होते, गावोगावी गाईंच्या अंगावर सुपारीएवढ्या गाठी, पायांना सूज, पोळीखाली पाणी. तुझ्या घरच्यांना आठवत असेल. म्हशी बऱ्यापैकी वाचल्या, गाईंनी भोगलं. हा देवीच्या कुळातला विषाणू. लाळ्या खुरकुताच्या मानाने अवाढव्य, लांबीला जवळजवळ दहापट, आत सुमारे दीड लाख अक्षरांचा डीएनए आणि दीडशेवर जनुकं. याचा नुसता डीएनए पेशीत सोडला तर काहीही होत नाही. कारण या कुळातले विषाणू पेशीच्या केंद्रकात जातच नाहीत, बाहेरच्या भागातच आपलं ठाण मांडतात, आणि तिथे डीएनए वाचायचं यंत्र नसतं. ते यंत्र कणाच्या पोटात बरोबर यावं लागतं. त्यामुळे लंपीच्या कणातलं ते प्रथिनांचं यंत्र उष्णतेने बिघडलं तर डीएनए शाबूत असूनही कण वाया.

लंपीसाठी तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस वापरली. ती जिवंत लस. म्हणजे तिच्यातले कण जनावराच्या पेशीत शिरून खरोखर वाढतात, पण अशक्त केलेले असल्याने रोग करत नाहीत. ती वाळवलेल्या वडीच्या रूपात येते. त्या वडीत काहीही चाललेलं नसतं: श्वसन नाही, हालचाल नाही, ऊर्जेचा कणभर खर्च नाही. द्रावणात मिसळली की तास-दोन तासांत संपवायची, बर्फावर ठेवायची आणि सुई-सिरिंज स्पिरिटने किंवा दुसऱ्या कुठल्या रसायनाने पुसायची नाही, नाहीतर लसच कामातून जाते. कंपनीत तिची तपासणी होते तेव्हा कुणी कणांची नाडी बघत नाही. लस पातळ करत करत पेशींच्या थरावर टाकतात आणि किती पातळ केल्यावरही पेशी बिघडतात ते मोजतात. पेशी बिघडल्या तर कण जिवंत, नाही बिघडल्या तर मेलेले. जिवंतपणाचा पुरावा कणाकडे कधीच नसतो, तो नेहमी पेशी देते.

आणि आता तो प्रयोग, जो मला या सगळ्या वादात निर्णायक वाटतो. 1936 मध्ये बेरी आणि डेड्रिक यांनी सशांवर काम केलं. सशांना देवीच्या कुळातले दोन विषाणू होतात: एक घातक मिक्सोमा, दुसरा साध्या गाठी आणणारा फायब्रोमा. त्यांनी मिक्सोमा उष्णतेने मारला. एकटा टोचला तर ससा ठणठणीत. मग हाच मेलेला मिक्सोमा आणि जिवंत फायब्रोमा एकत्र टोचले. सशाला मिक्सोमा झाला, आणि त्याच्यापासून पुढे दुसऱ्या सशांना देता येईल असा खराखुरा मिक्सोमा. मेलेला उठला! जादू काही नाही. उष्णतेने मिक्सोमाची प्रथिनं गेली होती, डीएनए शिल्लक होता, आणि एकाच पेशीत आलेल्या चुलत्याने आपली प्रथिनं त्याला वापरू दिली. जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंवर 1947 मध्ये लुरिया यांनी असंच काहीसं दाखवलं. अतिनील किरणांनी निकामी केलेले कण एकेकटे जिवाणूत शिरले तर काही नाही, पण एकाच जिवाणूत दोन-तीन शिरले तर प्रत्येकाचा धड राहिलेला भाग जुळून नवे विषाणू बाहेर.

मेलेली म्हैस शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीमुळे उठत नाही. ज्याला आपण जीव म्हणतो त्याचं मरण परत फिरत नसतं. विषाणूच्या बाबतीत ते कधी फिरतं, कधी नाही, आणि ते ठरतं काय बिघडलं आणि पेशीत सोबतीला कोण आहे यावर. हे मरण म्हणजे मोडतोड झाली.

मग पेशीच्या आत काय होतं? इथे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चुकीचं चित्र असतं: बारीक किडा आत शिरला, खाल्लं, फुगला, एकाचे दोन झाले. तसं काहीच होत नाही. कण आत गेला की सुटा होतो. मग काही तास असे जातात की ती पेशी फोडून शोधलं तरी संसर्ग करू शकणारा एकही विषाणू सापडत नाही. म्हणजे 'वाढण्याच्या' काळात विषाणू म्हणून दाखवता येईल असं काही अस्तित्वातच नसतं! असतो फक्त एक मजकूर आणि तो राबवणारी पेशी. तुला गुऱ्हाळ माहीत आहे. ऊस दुसऱ्याचा, काहिल दुसऱ्याची, चुलवाण पेटलेलं दुसऱ्याचं, गुळव्या दुसऱ्याचा. आलेल्या पाहुण्याने नुसती चिठ्ठी दिली आणि त्या दिवसापासून सगळं गुऱ्हाळ त्या चिठ्ठीच्या शेकडो डबीबंद नकला काढू लागलं, असं काहीसं ते आहे. नवे कण कुणाच्या पोटी जन्मत नाहीत, ते सुट्या भागांतून जुळवले जातात. विषाणू लहानाचा मोठा कधीच होत नाही. बाहेर पडला त्याच मापाचा राहतो.

"पण गोचीडसुद्धा दुसऱ्याच्या रक्तावरच जगते की," असं तू म्हणशील, आणि ही हरकत योग्य आहे. परावलंबन हा निकष लावला तर अर्धी जीवसृष्टी बाद होईल. प्रजननाचा निकष लावला तर खेचर निर्जीव ठरेल. म्हणून मी जरा जवळचं उदाहरण घेतो. आपल्या संकरित गाईंना गोचिडांमुळे थायलेरिया होतो. तो एकपेशी जंतू गाईच्या पांढऱ्या पेशींच्या आत राहतो, त्यांनाच वाढायला लावतो, बाहेर काढला तर त्याचं काही खरं नाही. वरवर बघता विषाणूसारखाच. गाईच्या खांद्यापुढची गाठ सुजते, 105-106 ताप, खाणं बंद. पण थायलेरियाला बुपारव्हाकोनचं इंजेक्शन लागू पडतं. का? कारण त्याच्याकडे स्वतःचं ऊर्जा बनवायचं यंत्र आहे आणि औषध नेमकं त्यातच खीळ घालतं. घटसर्पाच्या जिवाणूकडे प्रथिनं बनवायचे स्वतःचे रायबोसोम आहेत, टेट्रासायक्लिन ते बंद पाडतं. औषधाला पकडायला काहीतरी चालू असावं लागतं.

लंपी झालेल्या गाईला मी प्रतिजैविक दिलं की लोक विचारायचे, "डॉक्टर, इंजेक्शन दिलासा, आता जंतू मेलं न्हवं?" तेव्हा सांगावं लागायचं की हे फुटलेल्या गाठींत शिरणाऱ्या जिवाणूंसाठी आहे, तापाचं वेगळं, आणि मूळ विषाणूला हटवायचं ते गाईलाच. विषाणूवर औषधंच नाहीत असं नाही, माणसांत आहेत. पण ती बहुतेक पेशीत नकला काढण्याच्या एखाद्या पायरीवर घाव घालतात. सुट्या कणाला गोळी देऊन मारता येत नाही, त्याच्याकडे बंद पाडण्यासारखं काहीच चालू नसतं.

फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, या रोगाचा जिवाणू घे. त्याची बीजुकं जमिनीत कित्येक दशकं पडून राहतात. तीही वाळवलेल्या वडीसारखीच निपचित. मग तो जिवंत आणि विषाणू का नाही? कारण बीजुकाच्या आत रायबोसोम आहेत, एन्झाइम आहेत, पूर्ण संसार गुंडाळून ठेवलेला आहे. ओल आणि खाद्य मिळालं की ते स्वतःच उगवतं आणि स्वतःच दुभंगत वाढतं. विषाणू उगवत नाही, सुटा होतो.

माझ्या मते रेघ इथे आहे. स्वतःची ऊर्जा आणि स्वतःची प्रथिनं बनवायची सोय, निदान गुंडाळून ठेवलेली तरी, ज्याच्याकडे आहे तो जीव. ही रेघ निसर्गाने आखलेली नाही, कबूल. पण ती आखली की औषध, लस, निर्जंतुकीकरण या सगळ्या गोष्टी जागच्या जागी बसतात.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांचं म्हणणं, कारण ते फालतू नाही.

त्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा उत्क्रांतीचा. आरएनए विषाणूच्या नकला काढताना चुका होतात आणि त्या तपासून दुरुस्त करायची सोय बहुतेकांत नसते. त्यामुळे लाळ्या खुरकुताचा विषाणू सतत रूप बदलतो, आणि लसीतला जुना वाण आजच्या साथीला जुळतो का ते पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. गुरांच्या बुळकांडी (रिंडरपेस्ट) रोगाचं उदाहरण तर आपल्याच देशातलं. 1889 मध्ये पुण्यात सुरू होऊन नंतर हिमालयात मुक्तेश्वरला हलवलेल्या प्रयोगशाळेत, 1920 च्या दशकात एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांमधून शेळ्यांत असा फिरवत नेला. शेळीत राहायला सरावलेला तो विषाणू गाईबैलांसाठी सौम्य झाला आणि त्याचीच लस झाली. निवड, बदल, जुळवून घेणं, सगळं आलं. दगड असं करत नाही. 'उत्क्रांत होणारी, स्वतःला चालू ठेवणारी रासायनिक व्यवस्था म्हणजे जीवन' अशा अर्थाची एक व्याख्या नासाच्या वर्तुळात वापरतात. तिच्या पहिल्या अर्ध्यात विषाणू पहिल्या श्रेणीत पास आणि दुसऱ्या अर्ध्यात नापास.

दुसरा मुद्दा महाकाय विषाणूंचा. इंग्लंडमधल्या एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यातल्या अमिबात जिवाणू म्हणून पकडलेली वस्तू 2003 मध्ये विषाणू निघाली. तिचं नाव मिमीव्हायरस, जनुकसंच 12 लाख अक्षरांचा, काही जिवाणूंहूनही मोठा. पुढे अशाच एका महाकाय विषाणूला सतावणारा छोटा विषाणू सापडला. विषाणूलाही आजार होतो म्हटल्यावर काही शास्त्रज्ञ म्हणाले, आता तरी याला जिवंत म्हणा. पण रायबोसोम मिमीव्हायरसकडेही नाहीत. आकार मोठा म्हणून नियम बदलावा असं मला वाटत नाही.

तिसरा विचार फ्रान्सच्या पॅट्रिक फोर्टेर यांचा, आणि तो मला सगळ्यात आवडतो. ते म्हणतात, कणाकडे बघून विषाणूला जोखूच नका. संसर्ग झालेली, विषाणूच्या हुकमाने चालणारी पेशी हीच त्याची खरी अवस्था, कण हा नुसता प्रवासाचा टप्पा. त्या पेशीत तर जीवन पुरेपूर आहे. मी इथपर्यंत त्यांच्या सोबत जातो. फक्त त्या पेशीतलं जीवन मूळ गाईचंच आहे, चोरलेलं, असं माझं म्हणणं राहतं.

आणि चोरी दोन्ही बाजूंनी झालेली आहे. आपल्या जनुकसंचाचा सुमारे 8 टक्के भाग जुन्या विषाणूंच्या अवशेषांचा आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांतही, गाईत आणि मेंढीत, वार तयार होताना पेशी एकमेकींत मिसळवणारं एक प्रथिन प्राचीन विषाणूच्या जनुकातून आलेलं आहे. मेंढीत अशा वारशाने आलेल्या एका विषाणूजनुकाचं काम रोखलं तर गर्भ टिकत नाही. गाय व्यायली की ज्या वारेची आपण वाट बघत बसतो, तिच्या घडणीत विषाणूचा हात आहे. म्हणून मी 'निर्जीव' एवढंच लिहून मोकळं होणाऱ्या तुझ्या सरांशीही पूर्ण सहमत नाही.

बुळकांडीचं पुढे काय झालं ते सांगतो, कारण तुझा प्रश्न तिथे सगळ्यात टोकाला जातो. भारतात तिची शेवटची साथ 1995 मधली. 2011 मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. जनावरांचा असा हा एकमेव रोग. गोठ्यांतून गेली, पण प्रयोगशाळांच्या शीतपेट्यांत नमुने राहिले. मग इंग्लंडच्या पर्ब्राइट संस्थेने आपल्याकडच्या नमुन्यांचा जनुकीय मजकूर वाचून नोंदवला आणि 2019 मध्ये ते नमुने नष्ट केले. आता तिथे कण नाहीत, अक्षरं आहेत. विषाणू गेला की आहे? हा शब्दच्छल वाटेल, पण नाही. 2018 मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी डीएनएचे तुकडे बाहेरून बनवून घेऊन घोड्यांच्या देवीचा विषाणू नव्याने उभा केल्याचं प्रसिद्ध झालं. त्याआधी 2002 मध्ये पोलिओचा विषाणू असाच रसायनांतून बनवला गेला होता. घोड्यांच्या देवीचा डीएनए एकट्याने चालत नाही हे तुला वर सांगितलंच. म्हणून त्यांनी पेशीत आधी एक मदतनीस विषाणू सोडला. कोणता? सशांचा फायब्रोमा, बेरी-डेड्रिकचाच.

संगणकातल्या मजकुरातून जे परत उभं राहू शकतं त्याला मेलेलं म्हणता येत नाही. आणि जिवंत पेशी हाताशी नसेल तर तो मजकूर जगाच्या अंतापर्यंत काहीही करणार नाही, म्हणून जिवंतही म्हणवत नाही.

परीक्षेचं म्हणशील तर पुस्तकातलं वाक्य लिही आणि त्याला कारणं जोड. विषाणू पेशीरहित असतात, त्यांना स्वतःचं चयापचय आणि रायबोसोम नसतात, पेशीबाहेर ते निष्क्रिय कण असतात, स्फटिकरूपात ठेवता येतात. पण त्यांच्याकडे जनुकीय द्रव्य असतं, यजमान पेशीत त्यांच्या प्रती निघतात आणि ते उत्क्रांत होतात. तपासणाऱ्याला 'सीमेवर' हवं असेल तर तेही लिही, मार्क सोडू नकोस.

घरच्यांना मात्र एवढं सांग. गोठ्यात विषाणू 'मारायचा' म्हणजे त्याची डबी नाहीतर धागा मोडायचा, आणि प्रत्येकाची डबी वेगळी. लाळ्या खुरकुताला स्निग्ध आवरण नाही, त्यामुळे नुसत्या साबणावर भिस्त ठेवू नका. तो आम्ल (आंबट) आणि अल्कली (सोड्यासारखं) दोन्ही टोकांना मोडतो. धुण्याचा सोडा दहा लिटर पाण्यात 400 ग्रॅम घालून गव्हाण, जमीन, गमबूट धुवा. लंपीच्या गाठीवरची खपली वाळून पडली तरी तिच्यात विषाणू महिनाभर आणि त्याहून जास्तही टिकतो, म्हणून खपल्या झाडून उकिरड्यावर टाकू नका, जाळा किंवा पुरा, मग सोडियम हायपोक्लोराइट मारा. तेही शेण काढून, जमीन धुतल्यावर. शेणावर ओतलेलं हायपोक्लोराइट शेणातच खर्ची पडतं, विषाणूपर्यंत पोचत नाही. आणि मिसळलेली लंपीची लस उरली म्हणून कुणी फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी टोचायला आणली, तर टोचू देऊ नका. बाटली कालच्यासारखीच दिसेल, पण तिच्यातले किती कण अजून कामाचे आहेत हे गोठ्यात उभं राहून कुणालाच सांगता येणार नाही.